‘दुअक’ कुठे ठेवायचा? एका कंटेनरचं प्रकरण

व्हिएतनामी क्रियापदाला कसलाच प्रत्यय लागत नाही, हे सांगितलं की वर्गातले चेहरे खुलतात. लिंग नाही, वचन नाही, काळानुसार रूप बदलणं नाही. ‘मी जातो’, ‘ती गेली’, ‘ते जातील’, सगळीकडे क्रियापद एकच. सहा सुरांचं दुखणं पहिल्याच आठवड्यात कळतं, त्यामुळे त्याची सगळ्यांनाच धास्ती असते. दुसरं एक दुखणं मात्र वर्गात कळत नाही. ते कळायला एखादा कंटेनर चुकावा लागतो.

माझ्याकडे संध्याकाळी ऑनलाइन व्हिएतनामी शिकणारा एक इंजिनियर हाय फोंगजवळच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. मूळचा कोल्हापूरचा. शिकवणीला तो सहा महिने होता, मग कामाच्या रगाड्यात बंद झाला, पण तोवर त्याची भाषा रोजच्या वापरापुरती तयार झाली होती. एका शुक्रवारी रात्री त्याने मला झालोवरच्या (तिकडचं व्हॉट्सअ‍ॅप म्हणा) संभाषणाचे तीन स्क्रीनशॉट पाठवले आणि खाली मराठीत लिहिलं, ‘सर, मी फक्त जमत नाही एवढंच लिहिलं होतं. हे लोक घरी का गेले?’

झालं होतं ते असं. दुपारी पावणेदोनला गोदामातला फोर्कलिफ्ट बंद पडला. त्या दिवशी एक चाळीस फुटी कंटेनर भरून लाक ह्वेनच्या बंदरात पोचवायचा होता. हाय फोंगचं हे खोल पाण्याचं बंदर 2018 पासून चालू आहे आणि मोठी जहाजं तिथे लागतात. निर्यातीचा माल बंदरात आत घ्यायची शेवटची वेळ ठरलेली असते. तिला तिकडचे ट्रकवाले आणि गोदामवाले ‘कत मांग’ म्हणतात. त्या दिवशीची कत मांग संध्याकाळी आठची होती. आपला इंजिनियर मीटिंगमध्ये अडकला होता. फोर्कलिफ्टची बातमी त्याला फोनवर कळली, आणि गोदामाच्या गटावर त्याने घाईघाईत एक ओळ टाकली:

‘च्येउ नय खोंग दुअक दोंग हांग.’

त्याला म्हणायचं होतं, आज दुपारी माल भरता येत नाहीये. गोदामाच्या सुपरवायझरचं उत्तर आलं, ‘वंग आञ’, म्हणजे ‘बरं दादा’. पाच मिनिटांनी सुपरवायझरने विचारलं, ‘को फाय चऽ खोंग आञ?’, थांबावं लागेल का दादा? इंजिनियरला वाटलं, हे लोक आता फोर्कलिफ्टची वाट बघत हातावर हात ठेवून बसणार. तोवर हाताने उचलता येतील ती खोकी तरी पुढे आणून ठेवावीत. म्हणून त्याने लिहिलं:

‘खोंग फाय चऽ.’

त्याच्या डोक्यात होतं, ‘थांबायला नको.’

सव्वातीनला फोर्कलिफ्ट सुरू झाला. पण माल चढवणारे रोजंदारीचे हमाल तोवर निघून गेले होते, आणि सुपरवायझर कंटेनरला हात लावायला तयार नव्हता. पाचच्या सुमारास इंजिनियर खाली आला तर कंटेनरची दारं बंद, गोदाम शांत, आणि सुपरवायझर शांतपणे दुसऱ्या मालाची मोजणी करतोय. पुन्हा हमाल जमवून, माल भरून, सील लावून बंदर गाठेपर्यंत आठ वाजून गेले असते. जहाज त्या कंटेनरशिवाय गेलं.

इंजिनियरने आवाज चढवला तेव्हा सुपरवायझरने स्वतःचा फोन त्याच्यापुढे धरला. दोन्ही ओळींत व्याकरणाची चूक एकही नव्हती. व्हिएतनामी माणूस त्या वाचून जे करील तेच त्याने केलं होतं.

पहिली ओळ आधी घेऊ, कारण खरा माल तिच्यात आहे.

‘दुअक’ हा शब्द व्हिएतनामीत मूळचा ‘मिळणं’ या अर्थाचं क्रियापद आहे. पत्र मिळालं, बक्षीस मिळालं, दहापैकी नऊ गुण मिळाले, सगळीकडे दुअक. (देवनागरीत मी ‘दुअक’ लिहितोय खरा, पण त्या स्वरासाठी ओठ पसरावे लागतात आणि शेवटी सूर खाली पाडून गळ्यात दाबावा लागतो. ते कागदावर उतरत नाही.) हाच शब्द दुसऱ्या क्रियापदाच्या सोबतीला आला की सहायक होतो, आणि मग तो कुठे बसला यावर सगळं ठरतं. क्रियापदाच्या आधी बसला तर परवानगी किंवा संधी. नंतर बसला तर शक्यता, जमणं, साधणं. ‘खोंग’ म्हणजे नाही. आता हे तीनच शब्द घ्या: खोंग, दुअक, दोंग. दोंगचा मूळ अर्थ बंद करणं, पण मालाच्या बाबतीत भरणं. ‘खोंग दुअक दोंग’ म्हणजे भरायचं नाही. ‘खोंग दोंग दुअक’ म्हणजे भरता येत नाही. ‘दोंग खोंग दुअक’ म्हणजेही भरता येत नाही, पण त्यात करून पाहिल्याचा, प्रयत्न फसल्याचा वास जास्त. शब्द तेच, फक्त जागा बदलली की कारखाना बंद.

गुणवत्ता विभागातला माणूस जेव्हा गोदामाच्या गटावर ‘आज दुपारी माल भरायचा नाही’ असं लिहितो, तेव्हा त्याला कोण का म्हणून विचारणार? माल अडवून ठेवणं हा त्याचा अधिकारच आहे. आणि त्याच महिन्यात त्याने दोनदा खरोखरच माल अडवला होता. फोर्कलिफ्ट बिघडल्याचा आणि या हुकमाचा संबंध सुपरवायझरने लावलाच नाही, कारण लावायचं कारणच नव्हतं. फोर्कलिफ्ट बिघडला ती एक गोष्ट, साहेबांनी माल अडवला ही दुसरी. म्हणून फोर्कलिफ्ट सुरू झाल्यावरही तो थांबून राहिला.

आता ही चूक आली कुठून? माझा विद्यार्थी तेव्हा म्हणाला, ‘मराठीत विचार करतो ना सर, म्हणून.’ मी त्याला तिथेच अडवलं. मराठीत विचार केला असता तर ही चूक झालीच नसती. ‘माल भरता येत नाही’ आणि ‘माल भरायचा नाही’ यांत आपल्याकडे चार वर्षांचं पोरसुद्धा गफलत करत नाही. गफलत होते ती इंग्रजीतल्या ‘कान्ट’मुळे. तो एकच शब्द दोन्ही कामं करतो: पाय मोडला म्हणून जाता येत नाही तिथेही तोच, आणि बाबा सोडत नाहीत म्हणून जायचं नाही तिथेही तोच. बहुतेक पाठ्यपुस्तकं इंग्रजीतून लिहिलेली, त्यांत ‘दुअक म्हणजे कॅन’ अशी एक ओळ असते, आणि आपला माणूस कॅनच्या आधी ‘नाही’ लावून तो कान्टच्या जागी, म्हणजे क्रियापदाच्या आधी, नेऊन बसवतो. भरीला आणखी एक शब्द आहे, ‘को थे’. तोही ‘शकणं’ या अर्थाचा, आणि तो खरंच क्रियापदाच्या आधी येतो. नकारात त्यातला ‘को’ गळतो: ‘खोंग थे दोंग हांग’, माल भरता येणं शक्य नाही. इंजिनियरने ‘खोंग थे’ची जागा घेतली आणि तिथे ‘दुअक’ बसवला. अर्धं एकाचं, अर्धं दुसऱ्याचं.

मराठी माणसाला हे शिकवायचं तर ‘शकणे’ हा शब्द बाजूला ठेवावा, असं माझं मत या प्रकरणानंतर पक्कं झालं आहे. आपल्याकडे त्याहून चांगलं हत्यार आहे, आणि ते म्हणजे ‘मिळणे’. ‘मला परदेशात जायला मिळालं’, ‘लहानपणी आम्हाला सिनेमा बघायला मिळायचा नाही’. यात मिळतं काय? वस्तू नाही, संधी. व्हिएतनामी माणूस नेमकं हेच करतो: दुअक आधी, क्रियापद मागून. आणि क्रियापदाच्या मागे लागणारा दुअक म्हणजे आपलं ‘-ता येणं’.

झोपेचं उदाहरण द्यावं तसं दुसरं नाही. ‘तोय खोंग दुअक ङू’ म्हणजे मला झोपायला मिळालं नाही: पाहुणे आले, रात्रपाळी होती, बाळ रडत होतं. ‘तोय खोंग ङू दुअक’ म्हणजे मला झोप लागली नाही: अंथरुणावर पडलो होतो, कूस बदलत राहिलो. पहिल्या वाक्यात आड दुसरं कोणीतरी येतं, दुसऱ्यात आपलंच शरीर किंवा परिस्थिती. लक्षात घ्या, पहिल्या वाक्यात कुणी मनाई केलेली नाही, झालेल्या गोष्टीबद्दल ते फक्त हुकलेली संधी सांगतं. पण तेच ‘खोंग दुअक’ पुढच्या वेळेबद्दल, कर्त्याशिवाय, अधिकारी माणसाकडून आलं की सरळ मनाई होते. त्या दुपारच्या निरोपात या तिन्ही गोष्टी होत्या.

‘मिळणं’ आणि ‘जमणं’ एकाच शब्दात बांधायची ही रीत एकट्या व्हिएतनामीची नाही. थाई आणि लाओमध्ये ‘दाय’, ख्मेरमध्ये ‘बान’. सगळ्यांचा मूळ अर्थ मिळणं आणि सगळे क्रियापदाच्या मागे लागून ‘येणं, जमणं’ होतात. कुळं वेगळी, शेजार एक. भाषाशास्त्रज्ञ निक एनफिल्ड यांनी आग्नेय आशियातल्या भाषांमधल्या या ‘मिळण्या’चा बारकाईने अभ्यास केला आहे. आपल्या मराठीतही अर्धी वाट तशीच आहे, हे मला फार मजेचं वाटतं, कारण आपला त्या शेजाराशी काही संबंध नाही.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी, नाहीतर विद्यार्थी नियम पाठ करून पुढच्या खड्ड्यात पडतात. क्रियापदाच्या मागचा दुअक प्रश्नात परवानगीसुद्धा विचारतो. ‘एम वे दुअक खोंग?’ असं हाताखालची मुलगी विचारते तेव्हा तिला घरी जायची ताकद आहे का, हा प्रश्न नसतो. ‘मी घरी जाऊ का?’ एवढाच अर्थ. उलट दिशेने ही सूट नाही. ‘खोंग दुअक’ आधी बसवून ‘जमत नाही’ असं कधीच म्हणता येत नाही. म्हणजे मागची जागा सैल, पुढची घट्ट. शंका असेल तेव्हा दुअक मागे ठेवावा. फार तर थोडं मोघम बोलल्यासारखं होईल, गोदाम बंद पडणार नाही.

दुसऱ्या ओळीची कथा वेगळी. इथे मात्र दोष मराठीचाच.

‘फाय’ हा शब्द मोठा गमतीचा. उजवा हात म्हणजे ‘ताय फाय’, बरोबर म्हणजे ‘फाय’, आणि ‘लागतं, करावंच लागतं’ यालाही ‘फाय’. क्रियापदाच्या मागे लागला तर उलट नशीब फुटल्याचा सूर येतो: ‘मुअ फाय हांग झा’ म्हणजे खरेदी केली आणि नेमका नकली माल गळ्यात पडला. सक्तीच्या अर्थाने तो क्रियापदाच्या आधी येतो: ‘फाय चऽ’, थांबावं लागेल. आणि ‘खोंग फाय चऽ’ म्हणजे थांबावं लागणार नाही. सक्ती उठली, बस्स. मनाई नाही.

आपल्या इंजिनियरच्या डोक्यातलं वाक्य होतं ‘थांबायला नको’. हे वाक्य मराठीत कसं वापरतो ते जरा बघा. ‘आता डॉक्टरकडे जायला नको, ताप उतरला’, इथे गरज नाही. ‘त्या रस्त्याने रात्री जायला नको’, इथे जाऊ नये. एकच ‘नको’, एकदा सुटका, एकदा मनाई. आपण प्रसंगावरून ओळखतो, म्हणून आपल्याला कधी खटकत नाही. त्याला दुसरा अर्थ हवा होता: वाट बघत बसू नका, कामाला लागा. व्हिएतनामीत त्याच्या हातून पहिला गेला: थांबायची गरज नाही. सुपरवायझरने हमालांना तेच सांगितलं. आधीच माल भरायला मनाई, वर साहेब म्हणतात थांबायची गरज नाही. मग रोजंदारीचा माणूस घरी जाणार नाही तर काय करणार?

दोन्ही निरोप एकमेकांना किती छान पूरक ठरले, ते बघण्यासारखं आहे. पहिला चुकला नसता तर दुसऱ्याने एवढा घोळ झाला नसता. ‘आत्ता भरता येत नाही, पण थांबायची गरज नाही’ हे ऐकून कुणीतरी नक्की विचारलं असतं, मग करायचं काय? पण मनाईच्या मागे सुटका आली की चित्र पूर्ण होतं आणि प्रश्न उरतच नाही.

त्याला म्हणायचं होतं त्यासाठी ‘दुंग चऽ’ हवं होतं. दुंग म्हणजे ‘नको करू’, समोरच्याला थेट सांगणं. बाकी नेन (करावं, बरं पडेल), कन (गरज आहे), मुओन (हवंसं वाटणं) ही मंडळी शहाण्यासारखी क्रियापदाच्या आधी बसतात आणि फारसा त्रास देत नाहीत, त्यांच्यात वेळ घालवत नाही.

सुटका आणि मनाई यांची सरमिसळ फक्त आपल्याकडे होते असंही नाही. व्हिएतनाममध्ये कारखान्यांच्या, कार्यालयांच्या फाटकांवर एक पाटी हमखास दिसते: ‘खोंग फन सु म्येन वाओ’. शब्दशः: ज्यांचं काम नाही त्यांना आत येण्यापासून माफी. ‘म्येन’ म्हणजे माफ, जसं कर माफ, फी माफ. अर्थ अर्थातच एवढाच की कामाशिवाय आत येऊ नये. इंजिनियर रोज सकाळी त्या पाटीखालून आत जात होता. सभ्यपणे मनाई करायची तर माफीची भाषा वापरायची, ही पाटीवरची रीत आहे. बोलण्यातला ‘खोंग फाय’ ती रीत पाळत नाही.

मग लिहायला काय हवं होतं? आम्ही दोघांनी मिळून ते नंतर तयार केलं, आणि मी ते आता सगळ्याच विद्यार्थ्यांना देतो:

‘से नंग होंग नेन चुअ दोंग हांग दुअक. सुअ सोंग थी दोंग ङय ञे.’

फोर्कलिफ्ट बिघडलाय म्हणून अजून माल भरता येत नाहीये. दुरुस्त झाला की लगेच भरा हं.

यातला ‘नेन’ वर आलेलाच, पण दोन वाक्यांच्या मध्ये बसला की तो ‘म्हणून’ होतो. कारण आधी सांगितलं की हुकमाचा संशय निम्मा तिथेच जातो. दुअक शेवटी आहे. ‘ञे’ म्हणजे आपला ‘हं’, इतका नेमका की मला त्याचा दुसरा अर्थ कधी शोधावा लागला नाही. पण या ओळीतला माझा लाडका शब्द ‘चुअ’ आहे. चुअ म्हणजे ‘अजून नाही’. व्हिएतनामी माणसाला ‘लग्न झालं का?’ विचारलं आणि झालं नसेल तर तो ‘खोंग’ म्हणत नाही, ‘चुअ’ म्हणतो, मग तो साठीचा का असेना. खोंग दार लावून घेतं, चुअ फटीतून बघत राहतं. जे काम तासाभराने होणार आहे त्याला खोंग लावणं हे त्यांच्या कानाला मुळातच विचित्र वाटतं, आणि निरोप मनाईसारखा वाटायला तेही कारण होतंच. भरता येत नाही हे तात्पुरतं असतं तर साहेब चुअ म्हणाले असते, असं सुपरवायझरने नंतर त्याला सांगितलं.

‘पण मला शंका आली होती’, असंही तो सुपरवायझर म्हणाला होता. मग विचारलं का नाही? यावर तो नुसता हसला. इंजिनियरला हा खुलासा भाषेतल्या चुकीपेक्षा जास्त लागला. माझ्या मते तिथे फार खोल जायची गरज नाही. आपल्याकडच्या गोदामातही गुणवत्तेच्या साहेबाने ‘माल भरायचा नाही’ असं लिहिलं तर फोन करून ‘साहेब, तुम्हाला भरता येत नाही असं म्हणायचंय का?’ असं कोण विचारतं? मराठीत ते विचारणंच वेड्यासारखं वाटलं असतं. आणि निरोप त्यांच्या कानाला तितकाच स्वच्छ होता.

कंटेनर पुढच्या जहाजाने गेला. माझ्या विद्यार्थ्याने शिकवणी पुन्हा सुरू केली. पहिल्याच तासाला त्याने मागणी केली की मला नियम नकोत, गोदामातली वाक्यं द्या. आम्ही महिनाभर एकच खेळ खेळलो: मी मराठीत वाक्य म्हणायचं, त्याने फक्त सांगायचं, अडवतंय कोण. माणूस किंवा नियम अडवत असेल तर दुअक आधी, यंत्र, वेळ, पाऊस, अंगातली ताकद अडवत असेल तर मागे. ‘दंड बसतो’ला दुअक नाही, तिथे ‘बी’: ‘बी फात’. वाईट गोष्ट मिळाली की ती मिळत नाही, बसते. हे त्याला सांगावंही लागलं नाही. मराठीत आपणही दंड मिळाला म्हणत नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्याने एकदा खरोखरच माल अडवला. खोक्यांवर चुकीची लेबलं लागली होती. त्याने गटावर विचार करून, शब्दांची जागा दोनदा तपासून लिहिलं, ‘खोंग दुअक दोंग हांग’. या वेळी वाक्य आणि अर्थ दोन्ही बरोबर होते. अर्ध्या मिनिटात सुपरवायझरचा फोन आला.

‘आञ, दोंग खोंग दुअक, हाय खोंग दुअक दोंग?’

दादा, भरता येत नाही, की भरायचं नाही?